मेख ठोकण्याचा अधिकार

चेझारे मायेस्त्री हे इटालियन गिर्यारोहक जानेवारी २०२१ मध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी निवर्तले. त्यांच्या नावाभोवती सहा दशके घोंघावणारा वाद मात्र त्यांच्याबरोबर संपला नाही. एका सुळक्यावर ते खरोखर चढले होते काय, आणि नंतर त्याच सुळक्यात त्यांनी शेकडो पोलादी मेखा ठोकल्या त्या ठोकण्याचा त्यांना अधिकार होता काय, हे दोन प्रश्न जगभरचे गिर्यारोहक अजून हिरिरीने चघळत असतात. बाहेरच्या माणसाला हा सारा प्रकार रिकामटेकड्यांचा वाटण्याचा संभव आहे. ज्याला पोटापाण्याची ददात नाही त्याने कडा चढावा, आणि उतरल्यावर शेकोटीभोवती बसून दुसऱ्याने तो कसा चुकीच्या रीतीने चढला याची चर्चा करावी, यात समाजाने लक्ष घालावे असे काय आहे? परंतु थोडे खोलात गेले तर असे दिसते की, ज्यांच्यावर ना सरकारचा अंमल आहे ना पंचांचा, अशा लोकांनी एका सामाईक मालमत्तेचा वापर कसा करावा, हा अर्थशास्त्रातील एक अवघड प्रश्न या थट्टामस्करीतून आणि भांडणांतून सोडविला जात आहे. आणि कधी कधी तो सुटता सुटत नाही, हेही तितकेच बोधप्रद आहे.

प्रकरण असे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे, पाटागोनियात, सेरो तोरे नावाचा ग्रॅनाइटचा सुळका आहे. त्याची उंची ३१०० मीटरांच्या आसपास, म्हणजे एव्हरेस्टच्या निम्मीही नाही. पण त्याच्या भिंती जवळजवळ उभ्या, पॅसिफिकवरून येणारे वारे भयानक, आणि माथ्यावर गोठलेल्या धुक्याची भलीमोठी छत्री. १९५९ मध्ये मायेस्त्री आणि ऑस्ट्रियाचे तोनी एगर हे दोघे या सुळक्यावर गेले. परतले एकटे मायेस्त्री. आपण दोघांनी शिखर गाठले, उतरताना कोसळलेल्या हिमाने एगर यांचा बळी घेतला आणि शिखरावरची छायाचित्रे असलेला कॅमेरा त्यांच्याबरोबरच गेला, असे त्यांनी सांगितले. गिर्यारोहणात साक्षीदार नसतो, पंच नसतो. चढणाऱ्याचा शब्द हाच पुरावा मानण्याचा प्रघात आहे. त्याप्रमाणे हा शब्दही प्रथम मानला गेला. शंका मागाहून आल्या. १९७६ मध्ये शेजारचे, एगर यांचेच नाव दिलेले शिखर चढणाऱ्या अमेरिकनांना खालच्या भागात १९५९ चे दोर आणि साहित्य सापडले, परंतु एका हिमाच्या पट्ट्याच्या वर काहीच आढळले नाही. २००५ मध्ये त्याच बाजूने शिखर गाठणाऱ्या तिघांनाही मायेस्त्रींची खूण कोठे दिसली नाही. आज जाणकारांपैकी बहुतेकांचे मत त्या दाव्याच्या विरुद्ध आहे.

शंकेने डिवचलेला माणूस काय करील याचा नेम नसतो. १९७० मध्ये मायेस्त्री त्याच सुळक्याकडे परत गेले ते पेट्रोलवर चालणारा एक कॉम्प्रेसर घेऊन. खडकात भोक पाडण्याचे काम एरवी हातोडी आणि छिन्नीने, घाम गाळीत करावे लागते. एकेका भोकाला बराच वेळ जातो. या यंत्राने ते झटपट होऊ लागले. हिवाळ्यातील पहिला प्रयत्न फसल्यावर वर्षअखेरीस ते पुन्हा गेले, आणि आग्नेय धारेवर त्यांनी मेखांची एक शिडीच उभी केली. मेखांची संख्या चारशेच्या घरात भरते. ज्या ठिकाणी खडकाला भेगा होत्या, म्हणजे निसर्गाने वाट ठेवली होती, तेथेही काही जागी ती टाळून मेखा मारल्या गेल्या. एवढे करून मायेस्त्री माथ्यावरच्या बर्फाच्या छत्रीवर गेले नाहीत. ती छत्री पर्वताचा भागच नव्हे, एक दिवस वाऱ्याने उडून जाईल, असे त्यांचे म्हणणे. माणसाची उंची टोपी काढून मोजतात हे खरे; पण टोपी घालून उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवला असे म्हणायचे तर हात टोपीला तरी लागला पाहिजे! उतरताना त्यांनी शेवटच्या काही मेखा स्वतःच तोडल्या आणि कॉम्प्रेसर कड्यावरच टांगून ठेवला. सेरो तोरेची निर्विवाद अशी पहिली चढाई १९७४ मध्ये कासिमिरो फेरारी आणि त्यांच्या तीन इटालियन सोबत्यांनी पश्चिम बाजूने केली. मायेस्त्रींच्या शिडीवरून थेट माथ्यापर्यंत जाण्यास १९७९ साल उजाडावे लागले.

या चढाईवर टीकेची झोड उठली. केन विल्सन यांच्या संपादकत्वाखाली निघणाऱ्या 'माउंटन' या ब्रिटिश मासिकाने तर पर्वत भ्रष्ट केल्याचा आरोपच ठेवला. त्याच सुमारास तरुण रेनहोल्ड मेस्नर यांनी एका गाजलेल्या लेखात जो मुद्दा मांडला तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्याच्यापाशी पुरेशा मेखा आहेत त्याला अशक्य असे काही उरत नाही. आणि अशक्य असे काही उरले नाही तर गिर्यारोहणालाच अर्थ उरत नाही. दुसऱ्या शब्दांत, गिर्यारोहकांची खरी सामाईक संपत्ती दगड ही नव्हेच. दगड मुबलक आहे. दुर्मिळ आहे तो 'अजून न सुटलेला' दगड. आज ज्याच्या अंगी कुवत नाही त्याने यंत्राच्या बळावर तो सोडविला, तर वीस वर्षांनी येणाऱ्या अधिक कुवतीच्या माणसाच्या वाट्याचे त्याने आजच खाऊन टाकले असा त्याचा अर्थ होतो.

हा वाद केवळ एका सुळक्यापुरता नव्हता. त्याच १९७० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात वॉरन हार्डिंग आणि डीन कॉल्डवेल यांनी एल कॅपिटान या विख्यात कड्याची एक नवी भिंत चढून काढली. सलग सत्तावीस दिवस ते भिंतीवर होते. सुटकेसाठी निघालेल्या पथकाला त्यांनी वरूनच नकार दिला. खडकात पाडलेल्या भोकांची संख्या तीनशेवर गेली होती. याच खोऱ्यातील दुसरे दिग्गज रॉयल रॉबिन्स हे काटकसरीच्या पंथाचे. १९६१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या दोन सोबत्यांनी याच कड्यावरची एक प्रचंड वाट अवघ्या तेरा मेखांत पूर्ण केली होती. हार्डिंग हे खुशालचेंडू, वाइनचे शौकीन आणि विनोदी वृत्तीचे गृहस्थ. रॉबिन्स यांच्यासारख्या सोवळ्या मंडळींना त्यांनी 'खोऱ्यातले ख्रिस्ती' असे टोपणनाव ठेवले होते, आणि आपण व आपले मित्र यांची एक खाण्यापिण्याची आणि थट्टेची संस्था असल्याचे ते मिष्कीलपणे जाहीर करीत. या थट्टेला धार होती, पण तीत दुसऱ्याला बोलण्यासाठी जागाही होती. योसेमिटीतील 'कॅम्प फोर' या तळावर हे दोन पंथ एकमेकांच्या शेजारी तंबू ठोकून राहत. दिवसा कड्यावर आणि रात्री शेकोटीशी एकमेकांची फिरकी घेत. आपल्याकडे पारावर जे चालते तेच.

पुढे जे घडले ते या सबंध इतिहासातील सर्वांत मनोज्ञ प्रकरण म्हणावे लागेल. १९७१ च्या आरंभी रॉबिन्स आणि डॉन लॉरिया हार्डिंगांच्या त्या वाटेवर गेले ते हातात छिन्नी घेऊन. वाट चढायची आणि चढता चढता मेखा तोडून ती नाहीशी करायची, असा बेत. पहिल्या काही टप्प्यांतील मेखा त्यांनी तोडल्याही. पण जसजसे वर जावे तसतसे रॉबिन्स यांच्या लक्षात येऊ लागले की, मेखांच्या अधूनमधून जी चढाई आहे ती अव्वल दर्जाची आहे. ज्याला आपण यांत्रिक सुतारकाम समजत होतो त्यात पहिल्या प्रतीचे धाडस आणि कौशल्य आहे. त्यांनी छिन्नी बाजूला ठेवली आणि बाकीची वाट तशीच राखून ते वर गेले. एका अर्थाने ही त्यांची फजिती होती. हार्डिंगपंथीयांनी ती साजरी केली यात नवल नाही. परंतु आपल्या मताच्या विरुद्ध असलेला पुरावा हातात आला तेव्हा, दोराला लटकलेल्या अवस्थेत, मत बदलणारी माणसे कोणत्याही क्षेत्रात किती सापडतात? विद्यापीठांच्या चर्चासत्रांत तर ती फारच थोडी आढळतात.

येथे एका नामसाधर्म्याची गंमत सांगण्यासारखी आहे. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने सामाईक मालमत्तेच्या शोकांतिकेवर एक निबंध लिहिला आणि तो पुढे अर्थशास्त्राच्या प्रत्येक वर्गात शिकविला जाऊ लागला. गायरान सर्वांचे असेल तर प्रत्येकजण आपले एक जनावर जास्त सोडतो, आणि शेवटी गवताची काडी उरत नाही. म्हणून एक तर सरकारने काठी घेऊन बसावे किंवा गायरानाची वाटणी करून टाकावी, असा त्याचा आशय. एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषींनी १९९० च्या आपल्या ग्रंथात या निष्कर्षाला आधारासह उत्तर दिले. स्वित्झर्लंडमधील डोंगराळ कुरणे, जपानमधील गावराने, स्पेन आणि फिलिपाइन्समधील पाटबंधारे यांच्या अभ्यासावरून त्यांनी दाखविले की, वापर करणारे लोक स्वतःच नियम करतात, स्वतःच पहारा ठेवतात, आणि अशा व्यवस्था कित्येक पिढ्या टिकतात. धुळे-नाशिककडील फड पद्धत ज्याने पाहिली आहे त्याला यात अपरिचित असे काही वाटणार नाही. ऑस्ट्रम यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टिकाऊ व्यवस्थांची जी लक्षणे त्यांनी सांगितली त्यांपैकी एक येथे विशेष महत्त्वाचे आहे. नियम मोडणाऱ्याला शिक्षा होते, पण ती पायरीपायरीने वाढत जाते. पहिली पायरी अगदी सौम्य असते.

गिर्यारोहकांच्या जगात ही पहिली पायरी म्हणजे थट्टा. एखाद्याने फुकटची मेख ठोकली तर त्याला कोणी कोर्टात खेचीत नाही. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याच्या मेखेवर कोणी आपली टोपी टांगण्याची परवानगी मागतो. शहाण्याला तेवढे पुरते. न पुरल्यास मासिकातील पत्र, त्यावर उलट पत्र, मग जाहीर निषेध, आणि अगदी शेवटी छिन्नी. ही चढती भाजणी जेथे शाबूत आहे तेथे मेखांचा प्रश्न फारसा चिघळत नाही. जर्मनीत ड्रेस्डेनजवळ एल्बे नदीकाठी वालुकाश्माचे मनोरे आहेत. तेथील गिर्यारोहकांनी १९१३ च्या सुमारास आपले नियम लिहून काढले. धातूची साधने भेगांत घालायची नाहीत, कारण दगड मऊ आहे. आधारासाठी दोराच्या गाठी वापराव्यात. लोखंडी कडी ठोकायचीच तर ती पहिल्यांदा चढणाऱ्याने, खालून वर चढत असतानाच ठोकावी. दोन महायुद्धे झाली, नाझी आले आणि गेले, कम्युनिस्ट राजवट आली आणि गेली. हे नियम थोड्याफार दुरुस्त्यांसह आजही पाळले जातात. मागाहून एखादी कडी बसवायची असेल तर तेथील संघटनेत त्याचा रीतसर विचार होतो. बाहेरून येणाऱ्याला हे नियम जाचक वाटतात, आणि त्यावरून त्याची यथेच्छ टवाळीही होते. पण नियम कोणी केला, आणि तो बदलायचा तर दार कोणाचे ठोठवायचे, हे तेथे प्रत्येकाला ठाऊक असते.

सेरो तोरेवर नेमके हेच कोणाला ठाऊक नव्हते. खरी मेख तेथे आहे. १९७० मध्ये त्या भागात वस्तीच नव्हती. पायथ्याचे एल चाल्तेन हे गाव १९८५ मध्ये वसले. चढणारे युरोपातून आणि उत्तर अमेरिकेतून येत, महिना दीड महिना वाऱ्याशी झगडत, आणि निघून जात. पुढे गाव वाढले, स्थानिक अर्जेंटाइन गिर्यारोहकांची पिढी तयार झाली, आणि मायेस्त्रींची शिडी ही तेथील नित्याची वाट बनली. २००७ मध्ये दोन अमेरिकनांनी ती काढून टाकण्याचा मानस व्यक्त केला तेव्हा गावात सभा भरली. जमलेल्यांपैकी बहुसंख्यांनी मेखा काढू नयेत असा कौल दिला. त्यानंतर ऑस्ट्रियाचे तरुण चढाईपटू डेव्हिड लामा यांच्या चित्रपटासाठी आलेल्या पथकाने नव्या मेखा ठोकल्या आणि दोर मागे सोडले. त्यावर जगभर गहजब झाला. आणि जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेचे हेडन केनेडी आणि कॅनडाचे जेसन क्रुक, दोघेही ऐन विशीतले, त्या शिडीचा जवळजवळ आधार न घेता शिखरावर गेले आणि उतरताना त्यांनी सुमारे १२० मेखा उपटून काढल्या. गावात परतताच लोक त्यांच्यावर धावून आले. पोलिसांनी त्यांना काही काळ ताब्यात घेतले आणि मेखा जप्त केल्या. त्याच आठवड्यात लामा आणि त्यांचे सहकारी पीटर ओर्टनर हे त्या धारेवरून वर गेले. लामा यांनी मेखांना वा दोराला न लटकता, केवळ हातापायांच्या बळावर सारी चढाई केली. दोर पडल्यास वाचविण्यापुरता.

या प्रकरणात कोणाचे चुकले? मेखा काढणाऱ्यांची बाजू घेणाऱ्यांनी लामा यांच्या चढाईकडे बोट दाखविले, आणि ते योग्यच होते. जी धार यंत्राशिवाय चढता येणार नाही असे मायेस्त्रींनी गृहीत धरले ती एका माणसाने बोटांच्या टोकांवर चढून दाखविली. मधल्या चार दशकांत कित्येक पिढ्यांच्या हातून हा प्रश्न काढून घेतला गेला होता, हे त्यामुळे सिद्धच झाले. परंतु मुद्दा बरोबर असणे आणि तो अमलात आणण्याचा अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाच वर्षांपूर्वी सभा झाली होती, कौल झाला होता. तो दोन पाहुण्यांनी एका दुपारी धुडकावून लावला. रॉबिन्स यांच्या हातातही छिन्नी होती. पण ज्यांची वाट ते तोडत होते ते त्यांचे शेजारी होते, आणि त्या रात्री किंवा पुढच्या आठवड्यात एकाच शेकोटीशी त्यांच्या समोर बसावे लागणार होते. केनेडी आणि क्रुक यांच्यावर हे बंधन नव्हते. थट्टेची पायरी, पत्रांची पायरी, सभेची पायरी या साऱ्या ओलांडून ते थेट शेवटच्या पायरीवर पोहोचले.

उलट, त्या सभेचा कौलही फार पवित्र मानण्याचे कारण नाही. पर्वतावरील हक्क एका मोसमात एका गावी हजर असलेल्या काही मंडळींकडे कसा जातो? शिवाय ज्यांचे सर्वाधिक नुकसान होत होते ते, म्हणजे पुढे येणारे, कोणत्याच सभेला हजर राहू शकत नाहीत. जंगल तोडताना, भूजल उपसताना हीच अडचण येते. बहुमताने घेतलेला निर्णय उलटविता येण्याजोगा असेल तर बहुमताचा मान राखावा. पण खडकातील भोक बुजत नाही. म्हणून येथे पुराव्याचा भार मेख ठोकणाऱ्यावर असला पाहिजे, काढू इच्छिणाऱ्यावर नव्हे. आणि तो भार उचलण्याची वेळ मेख ठोकण्यापूर्वीची आहे, नंतरची नव्हे. १९७० मध्ये मायेस्त्रींनी कोणाला विचारले असते तर कदाचित २०१२ मध्ये कोणाला पोलीस चौकीत बसावे लागले नसते. मेख जीव वाचविते, हा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खोटा नाही. चढाईच्या कृत्रिम भिंतींवर मेखाच मेखा असतात. टोकियोच्या ऑलिंपिकपासून, म्हणजे २०२१ पासून, तो क्रीडाप्रकार म्हणून मान्यही झाला आहे, आणि त्यावर कोणाची तक्रार नाही. परंतु ज्याला एखादा कडा झेपत नाही त्याला सुरक्षित राहण्याचा आणखी एक मार्ग नेहमीच उपलब्ध असतो. त्याने खाली उतरावे.

सह्याद्रीतील सुळक्यांवर चढणाऱ्या मराठी मंडळींनाही हा विषय परका नाही. लिंगाणा, नाणेघाटाजवळचा वानरलिंगी, खंडाळ्याची नागफणी अशा ठिकाणी आधीच्या पिढीने हातोडीने ठोकलेल्या मेखा आहेत. ग्रॅनाइटच्या मानाने आपल्या काळ्या कातळात भेगा कमी भरवशाच्या, माथ्याकडचा मुरूम ठिसूळ, तेव्हा त्यांपैकी पुष्कळ मेखा निरुपायाने ठोकलेल्या होत्या. कोकणाकडून येणारा पाऊस त्यांना दरसाल गंज चढवितो. गंजलेली मेख काढून त्याच भोकात नवी बसवावी, की शेजारी दुसरे भोक पाडावे, की आजची साधने सुधारली आहेत म्हणून ती जागा मोकळीच सोडावी, यावर मतभेद होणारच, आणि ते व्हावेतही. आज बॅटरीवर चालणारे यंत्र पाठीवरच्या पिशवीत मावते. मायेस्त्रींना जड कॉम्प्रेसर वर चढवावा लागला होता, तो अडसरही आता राहिलेला नाही. पहिल्या मेखा ज्यांनी ठोकल्या त्यांतील काहीजण सुदैवाने हयात आहेत. कोणती मेख कोठे, कशासाठी आणि कोणत्या नाइलाजाने ठोकली हे त्यांना तोंडावर विचारता येते, त्यांची थट्टा करता येते, आणि त्यांच्याकडून चार शब्द ऐकूनही घेता येतात. पिशवीतले यंत्र बाहेर काढण्यापूर्वी निदान एवढे व्हावयास हरकत नाही.